तीस वर्षांत समाजशास्त्रज्ञ व्हा!

तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं पुस्तक कुठल्याही एसटी स्टँडवर मिळतं. मुस्लिम समाजांचा अभ्यास कसा करावा हे सांगणारं पुस्तक मिळत नाही, कारण स्टँडवरच्या प्रत्येकाला तो विषय आधीच येत असतो. तरीही कुणाला तो रीतसर शिकायचाच असेल, तर त्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका. पात्रता : एम.ए.ला पंचावन्न टक्के, नेट किंवा सेट, आणि ‘म्हणजे तू नक्की करतोस काय?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात ऐकून घ्यायची तयारी.

धडा १ : मूळपुरुष निवडा

इतर मुलं ऑगस्ट काँतपासून सुरुवात करतात. तुम्ही १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनपासून करा. त्याचा बायोडाटा उमेदवारांनी भिंतीवर लावावा असा आहे. मोरोक्कोतल्या फेजच्या दरबारात नोकरी आणि तिथेच जवळजवळ दोन वर्षं तुरुंगवास. मग या सुलतानाकडून त्या सुलतानाकडे. शेवटी कंटाळून अल्जीरियातल्या एका गढीत मुक्काम. तिथे १३७७ साली ‘मुकद्दिमा’चा पहिला खर्डा त्यानं पाच महिन्यांत पुरा केला. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला पाच वर्षं लागतील, पण तुम्हाला गढी कोण देतंय?

पुढे कैरोत तो सहा वेळा काझी झाला, म्हणजे मधल्या काळात पाच वेळा घरीही बसला. १४०१ साली तैमूरनं दमास्कसला वेढा घातला, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या विद्वानाला तटावरून दोरानं खाली सोडण्यात आलं. तैमूरनं त्याच्याकडून मगरिबची, म्हणजे वायव्य आफ्रिकेची, खडान्‌खडा माहिती विचारून घेतली आणि वर ती लिहूनही मागितली. आपल्या व्यवसायातलं हे पहिलं सरकारी सल्लागाराचं काम म्हणायला हरकत नाही. अशा वेळी मानधनाची घासाघीस करू नये.

परीक्षेपुरतं एवढं लक्षात ठेवा : त्याचा मुख्य सिद्धांत ‘असबिया’, म्हणजे भाऊबंदांची एकजूट. तिच्या जोरावर वाळवंटातली टोळी शहर जिंकते आणि तीन-चार पिढ्यांत शहरी सुखात विरघळते. मराठीत मात्र ‘भाऊबंदकी’ म्हणजे बांधावरून चाललेला कोर्टातला दावा. एकच नातं, दोन निष्कर्ष. आपल्याकडचं समाजशास्त्र इथूनच वेगळं पडतं.

धडा २ : देश निवडा

मोठी माणसं मोरोक्कोला जातात. अर्नेस्ट गेलनर अ‍ॅटलास पर्वतातल्या संतघराण्यांकडे गेला आणि १९८१ साली त्यानं पुस्तकाला ‘मुस्लिम सोसायटी’ असं ठणठणीत एकवचनी नाव दिलं. क्लिफर्ड गीर्ट्झनं त्याच्या आधीच, १९६८ साली, मोरोक्को आणि इंडोनेशिया एका छोट्या पुस्तकात शेजारी बसवले होते. त्यात जावाचा संत नदीकाठी वर्षानुवर्षं ध्यान लावून बसतो, तर मोरोक्कोचा संत थेट सुलतानाशी भांडण काढतो. धर्म एक, वागणं दोन टोकांचं. फातिमा मर्निसीला तर प्रवासखर्चही लागला नाही. ती फेजमधल्या जनानखान्यातच वाढली होती.

तुम्ही अनुदानासाठी अर्ज करा. मंजूर झाला तर मोरोक्को, नाही झाला तर मालेगाव. दोन्ही ‘म’नं सुरू होतात, खाडाखोड कमी होते.

धडा ३ : आडनाव तपासा

आडनाव जोशी असेल तर मोहल्ल्यात म्हणतील, ‘तुम्हाला काय कळणार?’ शेख असेल तर विद्यापीठात विचारतील, ‘तुम्ही तर आतले, तटस्थ कसे राहणार?’ देशमुख, पाटील किंवा इनामदार असेल, तर चहा येईपर्यंत दोन्ही बाजू गप्प राहतात. तेवढ्या वेळात प्रश्नावली बाहेर काढा.

धडा ४ : जात विचारू नका, चहा घ्या

‘आपली जात?’ असं विचारलंत की उत्तर येईल, ‘आमच्यात जात नसते.’ ते लिहून घ्या. दुसऱ्या कपाला कळेल की हे मोमीन, म्हणजे उत्तरेतून आलेले विणकर, पलीकडचे दखनी. तिसऱ्या कपाला सोयरिकीचा विषय निघतो आणि तुमची वही अपुरी पडते. मग बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, मणियार असे सगळे रांगेत येऊन उभे राहतात. गावगाड्यातला मुलाणी तर बलुत्यासकट येतो. हे तुम्हीच शोधून काढलंत असा समज करून घेऊ नका. इम्तियाज अहमद यांनी १९७३ साली या विषयावर अख्खा ग्रंथ संपादित केला आहे.

धडा ५ : नमुन्याचा आकार

संख्याशास्त्राच्या तासाला सात हा आकडा उच्चारू नका, हसं होईल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा नेला, त्यात सात बायका होत्या. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात तीनदा तलाक उच्चारण्याची प्रथा रद्दबातल ठरवली २०१७ साली. दलवाईंकडे पीएच.डी. नव्हती, त्यामुळे त्यांना नमुना वाढवायला सांगणारा मार्गदर्शकही नव्हता.

धडा ६ : टीव्हीवर जाणे

निवेदक मदरशांबद्दल विचारेल. तुम्ही म्हणा की २००६ च्या सच्चर अहवालानुसार शाळेच्या वयातली तीन-चार टक्केच मुसलमान मुलं मदरशात शिकतात, तेव्हा उरलेल्या शहाण्णवांबद्दल… इथे जाहिराती लागतात. घरी या. आई म्हणेल, ‘शर्ट छान दिसत होता.’

धडा ७ : प्रात्यक्षिक

माझ्या पहिल्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न असा होता : ‘धर्माचा आपल्या आर्थिक निर्णयांवर कितपत प्रभाव पडतो? अ) खूप ब) थोडा क) अजिबात नाही.’ मालेगावातल्या बारा लूमच्या एका शेडमध्ये मी तो ओरडून विचारत होतो. खडखडाट असा की स्वतःचाच प्रश्न ऐकू येत नव्हता. कागदावर कापसाची तूस बसत होती. मालकानं कागद माझ्या हातातून घेतला, झटकला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, ‘सर, इसमें लाइट का खाना किधर है?’

विजेचा रकाना खरंच नव्हता. सुताच्या भावाचाही नव्हता. घरोघरी कांड्या भरणाऱ्या बायकांचा, सायझिंगवाल्याच्या उधारीचा, जॉबरच्या दांड्यांचाही नव्हता. बाराही लूम ज्यावर चालत होते ते सगळं सोडून मी चौदा प्रश्न काढले होते.

नवी प्रश्नावली केली. उत्तरं भरभरून आली. लेख लिहिला, एका इंग्रजी नियतकालिकाला पाठवला. आठ महिन्यांनी निनावी परीक्षकाचा शेरा आला : वीज, सूत आणि कर्ज यांचं विवेचन चांगलं आहे, पण यात इस्लाम कुठे आहे?

उमेदवारांनो, पुढची तीस वर्षं या दोन प्रश्नांच्या मधोमध काढायची असतात. एक जण विचारतो लाइट कुठे आहे, दुसरा विचारतो इस्लाम कुठे आहे. पगार दुसऱ्याच्या प्रश्नाचा मिळतो. पहिल्याच्या प्रश्नाला फक्त चहा.

मी लेख बदलला नाही. एक तळटीप मात्र वाढवली. मालेगावात लूमना सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी नमाजानंतर शेडमध्ये इतकी शांतता असते की विजेच्या बिलाबद्दलचा एकूण एक शब्द नीट ऐकू येतो. म्हणून तळटीप अशी : ‘सर्व मुलाखती शुक्रवारी घेतल्या.’

लेख छापून आला. तळटीप जागेअभावी गाळली होती.