बाथरूममधला लाल दिवा

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. आमच्या काकांच्या बाथरूममधला मात्र अजून शाबूत आहे. रात्री दहानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या फटीतून तांबडा उजेड झिरपू लागला की वॉचमन नव्या भाडेकरूची समजूत काढतो, "काही नाही हो, काका फोटो धुतायत."

असे एक काका पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठेही हमखास सापडतात. बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त. कॅमेरा गळ्यात लटकवणं त्यांना उथळपणाचं वाटतं; तो पतसंस्थेचं नाव छापलेल्या कापडी पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखालून हिंडतो. नखं तपकिरी. बघणाऱ्याला तंबाखूचा संशय येतो, पण ते डाग डेव्हलपरचे असतात. काकूंच्या मते तंबाखू परवडली असती.

दिवसा काका चारचौघांसारखे असतात. प्रश्न रात्रीचा. साडेनऊला घरात घोषणा होते, "कुणाला जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या." मग बादल्या बाहेर येतात, कमोडवर फळी बसते, फळीवर एन्लार्जर. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला पंचा. तीन ट्रे ओळीनं जमिनीवर: डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो. यानंतर मध्यरात्रीपर्यंत ते कुटुंब शेजाऱ्यांच्या कृपेवर जगतं. नातवाला शाळेत 'माझे घर' हा निबंध आला, तेव्हा त्यानं बाथरूमचा उल्लेख 'आजोबांचे ऑफिस' असा केला.

पाहुणा आला की काका त्याला एक मुद्दा समजावल्याशिवाय सोडत नाहीत. साध्या ब्रोमाइड कागदाला लाल रंग दिसत नाही, म्हणून प्रिंट लाल दिव्यात करता येते. पण आजकालच्या फिल्मला सगळे रंग दिसतात, तेव्हा ती रिळावर चढवायची ती ठार अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजानं. हे ऐकायला सोपं आहे. जुलैच्या दमट हवेत ओलसर रीळ फिल्मला मध्येच धरून ठेवतं. ती पुढे जात नाही, मागे येत नाही, आणि दिवा लावायची सोय नाही. त्या वेळी आतून जे शब्द ऐकू येतात ते काकांनी बँकेच्या संपातही वापरले नव्हते. नेमक्या अशाच वेळी कुरिअरवाला बेल दाबतो.

रसायनांच्या बाबतीत काका तयार पाकिटांवर विसंबत नाहीत. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२० च्या दशकातला, त्याची कृती जगजाहीर आणि काकांना मुखोद्गत: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. यासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा त्यांनी घेतला आहे. ज्या माणसाला आयुष्यात चहात साखर किती ते धड सांगता आलं नाही, तो टाकणखाराच्या दोन कणांसाठी श्वास रोखून बसतो. फिल्म धुताना तापमान २० अंश हवं. मे महिन्यात नळाचं पाणी त्याहून बरंच वर असतं, म्हणून फ्रिजमधला सगळा बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बादलीत जातो आणि पन्ह्याला बर्फ उरत नाही. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या जागी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाचं एक जुनं पाकीट आहे. कारखाना केव्हाच बंद पडला, कागदही आता पार धुरकट होऊन येईल, पण ते फेकायचं म्हटलं की काका जेवत नाहीत.

हायपोचे खडे खडीसाखरेसारखे दिसतात. गणपतीत एकदा आरतीनंतर एका आजींनी बरणीत हात घातला होता. तेव्हापासून तिच्यावर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'प्रसाद नव्हे.' चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्ये शोधलं आणि १८३९ मध्ये ते छायाचित्रं टिकवण्यासाठी वापरलं. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल हा याचा बाप. त्या आजींना काकांनी बरणी हातातून काढून घेता घेता एवढं सगळं सांगितलं.

काकांचं दैवत अॅन्सेल अॅडम्स. १९४१ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना अॅडम्सला लाइट मीटर सापडेना, तर पठ्ठ्यानं चंद्राची पाठ असलेली तेजस्विता धरून हिशेब केला आणि फोटो मारला. पुढे त्या एका निगेटिव्हच्या त्यानं हजाराहून अधिक प्रिंट काढल्या. ही कथा सांगताना काकांचा आवाज जड होतो, कारण मीटर न सापडण्याचा भाग त्यांनाही साधला आहे. त्यांचा मीटर काकूंना बहुधा मसाल्याच्या खणात मिळतो.

फोटोवाल्यांच्या ग्रुपमधला कुणी खवचट सदस्य मग हमखास कार्तिए-ब्रेसाँचा विषय काढतो. तो थोर छायाचित्रकार प्रिंट स्वतः करत नसे. पॅरिसमध्ये पिएर गासमानच्या लॅबकडे देऊन मोकळा होई. यावर काकांचं उत्तर ठरलेलं आहे: "त्याच्याकडे गासमान होता. माझ्याकडे कोण आहे?" आणि ते स्वयंपाकघराकडे बघतात.

या बघण्यामागे इतिहास आहे. लग्नानंतर काकांनी काकूंना दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी करत. माणसांचा स्वयंपाक वेगळाच. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि त्यांच्या दागिन्यांचं काय झालं हो?"

काकांना ते ठाऊक होतं. विषय तिथेच मिटला.

एवढा सगळा उद्योग करून काका फोटो कसले काढतात? वाड्याचे दरवाजे. कड्या, कोयंडे, गंजलेली कुलपं. सुरकुतलेला वारकरी, सुरकुतलेली भाजीवाली. पावसात छत्री घेऊन पाठमोरा जाणारा माणूस तर दरसाल एक. काकूंचा सरळ, समोरून काढलेला फोटो त्या घरात नाही. त्यांना खिडकीपाशी बसवायचं, मान अर्धा इंच डावीकडे करायची, मीटर शोधायचा, एवढ्यात दूधवाला येतो. छत्तीस फोटोंच्या रोलवर घरातल्या माणसांसाठी उरतं ते छत्तिसावं चित्र, रोल संपवायचा म्हणून.

रोलची किंमत विचारलीत तर काका ऐकू आलं नाही असं दाखवतात. कागदाचंही तसंच. बाजारात रेझिनकोटेड कागद मिळतो, तो दोन-चार मिनिटांत धुऊन निघतो. पण काका फायबर कागदाचेच. त्यातला हायपो निघेपर्यंत जुन्या पद्धतीनं तासभर पाणी खेळतं ठेवावं लागतं, आणि सोसायटीला पाणी येतं ते टँकरनं. वार्षिक सभेत तळमजल्यावरच्या सेक्रेटरींनी हा प्रश्न लेखी उपस्थित केला. काकांनी धुण्याचं शेवटचं पाणी आपण फ्लशला वापरतो असं निवेदन केलं. कुणाचंही समाधान झालं नाही.

पुढे हेच सेक्रेटरी एका रात्री पिवळं पाकीट घेऊन वर आले. अॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेली १२० ची चौकोनी निगेटिव्ह; त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो. काकांनी त्यांना चपला काढायला लावून आत घेतलं. आधी कागदाची एक पट्टी तीन, सहा, नऊ, बारा सेकंदांच्या टप्प्यांत उजळून पाहिली. नऊ ठीक होतं, पण चेहरा काळवंडत होता. मग काकांनी लग्नपत्रिकेतून कापलेली पुठ्ठ्याची चकती छत्रीच्या तारेवर खोचली आणि उजेडात दोन सेकंद चेहऱ्यावर धरून हलवत राहिले, म्हणजे तेवढाच भाग फिका राहील आणि कड दिसणार नाही. कागद ट्रेत गेला. आधी काळं उमटतं: केस, साडीचा काठ, बुबुळं. नंतर गाल, मग पाठीमागचा पितळी बंब. सगळ्यात शेवटी नाकातली चमकी, म्हणजे तिच्या भोवतीचं नाक करडं झालं आणि ती तेवढी पांढरी राहिली. सेक्रेटरी कमोडच्या फळीला टेकून म्हणाले, "ही मला आठवतच नव्हती." काका म्हणाले, "मध्ये बोलू नका, सेकंद मोजतोय."

पुढच्या सभेत पाण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

मात्र एवढ्या तपश्चर्येनं केलेली प्रिंट लोकांपर्यंत जाते ती मोबाइलनंच. काका ती खिडकीशी धरतात, फोननं तिचा फोटो काढतात आणि व्हॉट्सअॅपवर टाकतात. हात जोडलेली दोन चिन्हं येतात. भाची विचारते, "काका, कुठला फिल्टर?" काका प्रामाणिकपणे लिहितात, "अडीच नंबर." त्यांच्याकडे खरोखरच शून्य-शून्यपासून पाचपर्यंत फिल्टर आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात.

काकांची नवी आवृत्तीही निघाली आहे. ती आयटीत असते, दाढी राखते, पेंटॅक्स के-१००० बाळगते (१९७६ ते १९९७ या काळात बनलेला, म्हणजे बऱ्याचदा मालकापेक्षा वयानं मोठा) आणि फिल्म कॉफीत धुते. ही थट्टा नव्हे. इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या मिश्रणात फिल्म डेव्हलप होते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रसंस्थेत दाखवून झालं आहे. वास भयंकर येतो. काकांनी एकदा करून पाहिलं. फिल्म चांगली निघाली, पण त्या दिवसापासून काकू पाहुण्यांना चहाच विचारतात.

तर, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील तर आधी हुंगून पाहा. व्हिनेगरचा वास आला तर ती अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा. उरलेल्या फेकू नका, जवळच्या काकांकडे न्या. पैसे ते घेणार नाहीत, हर्शेल मात्र ऐकून घ्यावा लागेल. आणि रात्री जाणार असाल तर घरूनच सगळं उरकून जा.