नकाशातले नाना

नानांना पत्ता विचारू नये. विचारलाच तर निदान शतक तरी सांगावं.

नाना विमा कंपनीतून निवृत्त झाले, घर सदाशिव पेठेत. पण वस्ती म्हणाल तर १८७५ च्या सुमाराच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये. चोर बाजारात त्यांना त्या शहराचा नकाशा मिळाला आणि दिवाणखान्यातला लग्नाचा फोटो खाली उतरला. गल्ल्यांची नावं फ्रेंचमध्ये, शेजारी अरबी लिपीतली तुर्की, समासात जर्मन. गिऱ्हाइकंही तशीच: परदेशी वकिलाती, ग्रीक-आर्मेनियन पेढ्या, ज्यू व्यापारी आणि वर सुलतानाचं सरकार. एकाच भाषेत काढला असता तर खपला असता का, असं नाना विचारतात, तेही छापखान्यात भागी असल्यासारखं. फ्रेंच ते इंग्रजीसारखं वाचतात. तुर्कीवर बोट फिरवतात, पण डावीकडून उजवीकडे.

तिथल्या गलाता भागातून पेराच्या चढावर जाणारी भुयारी रेल्वे १८७५ ची, लंडनच्या खालोखाल जुनी. त्यामुळे पुण्याच्या मेट्रोचं नानांना काडीचं कौतुक नाही. पेरातल्या १८७० च्या आगीबद्दल मात्र ते अजून हळहळतात. शेजारच्या वाड्याला आग लागली तेव्हा एवढे हळहळले नव्हते.

गेल्या वर्षी लेक-जावई इस्तंबूलला गेले. पहिल्याच दिवशी नानांचा फोन. "जावईबापू, कुठे आहात?"

"तक्सीमला. गेझी बागेत बसलोय."

"बाग कसली! तोफखान्याच्या बराकीत शिरलायत तुम्ही. कुणी हटकायच्या आत बाहेर पडा."

बराक १९४० साली पाडली, बाग त्या जागेवरच झाली, असं जावयाने मोबाइलवरून वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "कुणाला विचारून?"

हॉटेल जवळच, अयाझपाशात आहे हे कळल्यावर नानांनी लेकीला अंगारा लावून झोपायला सांगितलं. नकाशात तिथे कबरस्तान आहे. लेकीला रात्रभर झोप नाही; जावई घोरत होता, कारण त्याने नकाशा पाहिलेला नव्हता.

परतल्यावर दोघांनी नानांना एकदा जाऊन या म्हणून गळ घातली, तिकिटाचे पैसेही देऊ केले. नाना भिंग घेऊन उठले, नकाशावर इकडून तिकडे बराच वेळ शोधत राहिले.

"विमानतळ कुठे दिसत नाही यात," ते म्हणाले. "उतरायचं कुठे?"