रांगेतल्या दधीचींचा सत्कार

आमच्या सोसायटीत सत्कार कशाचाही होतो. कुणाला दहावीत ऐंशी टक्के मिळाले की सत्कार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोतीबिंदू काढून घेतला, त्यांचा सत्कार. गेल्या एप्रिलमध्ये पाण्याचा टँकरवाला सांगितलेल्या वेळेला आला, तर त्यालाही गेटवरच शाल पांघरली. उन्हामुळे त्यानं ती लगेच काढली, एवढंच.

एवढी गुणग्राहकता असूनही एका त्यागी वर्गाकडे आपलं साफ दुर्लक्ष झालेलं आहे. महागडा स्मार्टफोन ज्या दिवशी विक्रीला येतो त्याच दिवशी, रांगेत उभं राहून, छापील किमतीत एक रुपया न सोडवता घेणारा तो वर्ग. समाज त्याची टिंगल करतो. 'पैसा वर आलाय' म्हणतो. मला हा कृतघ्नपणा वाटतो. वज्र घडवायला दधीची ऋषींनी आपली हाडं दिली. ही मंडळी त्याच त्यागबुद्धीनं क्रेडिट कार्डाची मर्यादा देतात. हाडं निदान हप्त्यानं द्यायची नव्हती.

सुरुवात आद्य दधीचींपासून करू. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ला विक्रीला आला. आठ जीबीची किंमत ५९९ डॉलर. लोक दुकानांबाहेर पथाऱ्या टाकून बसले होते. अडुसष्ट दिवसांनी, ५ सप्टेंबरला, स्टीव्ह जॉब्स स्टेजवर आले आणि त्यांनी तोच फोन ३९९ डॉलरला करून टाकला. दोनशे डॉलर भागिले अडुसष्ट दिवस. म्हणजे 'माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही' या आनंदाचं भाडं दिवसाला जवळजवळ तीन डॉलर पडलं. ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहिलं आणि आधी घेणाऱ्यांना शंभर डॉलर देऊ केले. रोख नव्हे, त्यांच्याच दुकानात खर्च करायचे. आमचा आंबेवाला याहून वेगळं काय करतो? पेटीमागे दोनशे जास्त घेतल्याचं उघडकीला आलं की तोही म्हणतो, "शंभर पुढच्या पेटीत वळते करतो, साहेब."

दधीचींचं दुसरं कार्य संशोधनाचं. कंपनी फोन बनवते, पण तो खरा तपासून पाहतात ते पहिले ग्राहक. तेही स्वखर्चानं. २०१६च्या १९ ऑगस्टला सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ काही देशांत विक्रीला आला आणि लोकांच्या हातात, खिशात, उशाशी पेट घेऊ लागला. चौदा दिवसांत कंपनीनं विक्री थांबवून फोन परत मागवले, ऑक्टोबरमध्ये तो कायमचा बंद केला. विमानात तो वापरायला आपल्याकडेही बंदी आली. मजा अशी की भारतातल्या दुकानांत तो पोहोचलाच नव्हता. उशीर झाला म्हणून वाचलो, असं म्हणायची वेळ आपल्यावर क्वचित येते. एरवी आपण उशीर झाला म्हणूनच अडकतो.

२०२३मध्ये आयफोन १५ प्रो तापतो अशा तक्रारी आल्या. त्याला शांत करणारं सॉफ्टवेअर यायला विक्रीपासून बारा दिवस लागले. बाराव्याला सगळं सुरळीत होतं ही आपली जुनीच समजूत आहे. बाकीच्या जगानं तो फोन नंतर थंड हातांनी घेतला.

सगळ्यात हृदयद्रावक प्रकरण २०१९चं. सॅमसंगचा घडीचा फोन, गॅलॅक्सी फोल्ड, एप्रिलमध्ये विक्रीला यायचा होता. आधी तो परीक्षणासाठी काही पत्रकारांना दिला. पडद्यावर एक पातळ पापुद्रा होता. तो स्क्रीनचाच भाग होता, पण काहींना वाटलं हे नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक. त्यांनी ते सोलून काढलं आणि फोन गेला. विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली, पापुद्र्याच्या कडा चौकटीखाली दडवाव्या लागल्या. आता हाच फोन परीक्षणाला एखाद्या मराठी घरात दिला असता तर? आमच्या टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं मूळ पिशवीत आहे. शेजाऱ्यांनी गाडी विकली तेव्हा मागच्या सीटचं प्लॅस्टिक नव्या मालकाच्या स्वाधीन केलं. कंपनीचे पाच महिने वाचले असते. पण विचारतो कोण?

असो. मला हे सारं सुचलं ते १९ सप्टेंबर २०२५ला. त्या दिवशी आयफोन १७ विक्रीला आला, आणि त्याच दिवशी आमच्या वडिलांची, आप्पांची, तिथी होती. सांगायचं राहिलं, तो पितृपक्ष होता. आदल्या वर्षी आयफोन १६ आला तो २० सप्टेंबर २०२४ला, तेव्हाही पितृपक्षच. ज्या पंधरवड्यात आमच्याकडे घरात नवा चमचा येत नाही, नेमका तोच पंधरवडा कॅलिफोर्नियातल्या आयफोनवाल्यांनी सलग दोन वर्षं शोधून काढला. साडेतीन मुहूर्त सोडून साधलेला हा चौथा मुहूर्त म्हणायचा.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयफोनच्या दुकानासमोर त्या पहाटे रांगेत धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. पुण्याला कोरेगाव पार्कात कंपनीचं दुकान जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेलं. त्यामुळे आमच्या भाच्याची मुंबईवारी वाचली. तो पहाटेच रांगेला गेला आणि श्राद्धाच्या जेवणाला, उडदाचे वडे कढईत असतानाच, डबी छातीशी धरून दारात उभा राहिला.

"अरे, पितृपक्षात झाडूसुद्धा आणत नाहीत रे!" आई म्हणाली.

"आजी, अमेरिकेत पितृपक्ष नसतो."

"मग तिकडेच ठेवायचास."

डबी उघडली. आत नारिंगी १७ प्रो फोन, एक वायर आणि कागद. आईनं डबी उलटी करून हलवून पाहिली. "चार्जर कुठाय?"

"तो २०२० पासून देत नाहीत. पर्यावरणासाठी."

"एक लाख चौतीस हजार नऊशे घेऊन?" आई वड्यांकडे वळली. ताट वाढलंय, पोळी ज्याची त्यानं बाहेरून आणावी, अशी पद्धत तिच्या माहेरी नव्हती.

फोनच्या नारिंगी रंगासाठी म्हणे रांगेत निम्मी चर्चा झाली होती. दुसरा कुठलाही रंग घेतला तर हा गेल्या वर्षीचा नाही हे लोकांना कळणार कसं? आम्ही तो रंग डोळे भरून पाहत होतो, तेवढ्यात भाच्यानं खिशातून काळं कव्हर काढलं आणि फोन त्यात घट्ट बसवला. रंग गेला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पैठणी नेसायची आणि वरून रेनकोट घालायचा."

नंतर आम्ही पान घेऊन गच्चीवर गेलो. खीर, वडे, आळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं आप्पांच्या आवडीचं. कावळा आला आणि टाकीवर बसला. तो काही खाली येईना. भाच्यानं आठ पट झूम करून त्याचं चित्रीकरण सुरू केलं. मी हात जोडले, "आप्पा, आईची काळजी घेऊ." कावळा हलला नाही. ताई म्हणाली, "आप्पा, याचं लग्न यंदा करून टाकू." कावळ्यानं मान फिरवली. दहा मिनिटं गेली, वडे गार झाले. शेवटी न राहवून मी म्हटलं, "आप्पा, फोनचे हप्ते त्याचे तोच भरेल. आमच्याकडे मागणार नाही."

कावळा झेपावला आणि वडा घेऊन गेला.

आप्पांचा इतका स्पष्ट होकार मला त्यांच्या हयातीतही कधी मिळाला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, तो व्हिडिओ अप्रतिम आला आहे. पिसन् पीस मोजून घ्या.

आता हप्त्यांचं. १,३४,९०० रुपयांत १८ टक्के जीएसटी आला, म्हणजे २०,५७८ रुपये सरकारचे. २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला तेव्हा टीव्ही आणि एसी स्वस्त झाले, मोबाइल होता तिथेच राहिला. राष्ट्रकार्यातही दधीची मागे नाहीत, हे सभेनं नोंदवून घ्यावं. ही सगळी रक्कम चोवीस महिन्यांत वाटली, तर महिना ५,६२१ रुपये. 'नो-कॉस्ट ईएमआय' हे त्याचं नाव. म्हणजे बँक व्याज लावते, तेवढी सूट आधीच किमतीत धरलेली असते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व बँकेचं प्रक्रिया शुल्क मात्र तुम्ही भरायचं. 'आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापून मांडवाच्या दारात पाकिटं घ्यायला माणूस बसवतात, तसंच हे. शेवटचा हप्ता जाईपर्यंत त्या फोनच्या पाठीवर आणखी दोन भावंडं आलेली असतील.

आणि गंमत पाहा. कंपन्याच आता सांगतात की फोन टिकतो. जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगनं गॅलॅक्सी एस २४ला सात वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं. सात वर्षं! साडेसातीपेक्षा फक्त सहा महिने कमी. शनिमहाराजसुद्धा एवढा काळ एकाच माणसाला धरून राहतात. पण आमचा दधीची पुढच्या सप्टेंबरातच त्या फोनला सोडतो.

मी भाच्याला विचारलं, "दिवाळीपर्यंत थांबला असतास तर?"

"मामा, मग पहिल्या दिवशी घेतला असं कसं म्हणता आलं असतं?"

या उत्तरावर मी निरुत्तर झालो आणि मला एकदम आप्पांची रांग आठवली. आप्पांनी टेलिफोनसाठी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होतो. फोन आला तेव्हा बारावीत. त्याला हळदकुंकू वाहिलं, आईनं क्रोशाचं झाकण विणलं, आणि तो काळा फोन पुढं वीस वर्षं वाजत राहिला. आप्पांच्या रांगेत माणसं फार होती आणि वस्तू कमी होत्या. भाच्याच्या रांगेत वस्तू पोत्यानं आहेत. महिनाभरात त्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, वर कॅशबॅक आणि स्क्रीनगार्ड. तिथे टंचाई आहे ती फक्त पहिल्या दिवसाची. तो एकच असतो, आणि तोच विकत मिळतो. फोन त्याच्याबरोबर भेट म्हणून येतो.

थांबणाऱ्यांचंही फार कौतुक नको. मी त्यातलाच. 'गणपतीत उतरेल', 'दिवाळीत सेल लागेल', 'आता पाडव्यालाच घेऊ' असं करत माझा फोन सहाव्या वर्षात आहे. त्याची काच तडकलेली आहे, बॅटरी दुपारी चारला मान टाकते, आणि रिक्षाचे पैसे देताना तो असा काही विचारात पडतो की रिक्षावाला मलाच धीर देतो. आमची ही म्हणते, "भाचा पैशानं गेला, तुम्ही वेळेनं जाताय." त्यामुळे ज्याचा फोन खरोखर मेला आहे, किंवा ज्याचं पोट फोटोवर चालतं, त्यानं पहिल्याच दिवशी खुशाल घ्यावा. त्याला सत्कार मिळणार नाही, कारण तो त्याग नव्हे, गरज आहे. सत्कार होईल तो ज्याचा जुना फोन व्यवस्थित चालू आहे त्याचाच.

तर सर्वसाधारण सभेपुढचा माझा ठराव असा. एक, पहिल्या दिवशी फोन घेणाऱ्या प्रत्येक सभासदास शाल व श्रीफळ द्यावं. दोन, मानपत्रात चार्जर वेगळा घेतल्याचा उल्लेख असावा. तीन, सत्कारमूर्तींनी समारंभापुरतं कव्हर काढावं, म्हणजे रंग सर्वांना दिसेल. चार, ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांनी सोसायटीचा मेंटेनन्स थकवू नये.

आणि रांगेतल्या बंधुभगिनींनो, तुम्हाला एक विनंती. लोकांच्या बोलण्यानं खचू नका, पुढच्या सप्टेंबरातही या. मुहूर्त बघू नका. २०२३मध्ये आयफोन १५ आला तेव्हा ७९,९०० रुपयांना होता, वर्षभरानं १६ आला तसा तो ६९,९००ला मिळू लागला. १७ आल्यावर १६चंही तेच झालं. तुमच्या एका रात्रीच्या जागरणावर आमचे दहा हजार वाचतात. शाल दोनशे ऐंशीला येते. नारळ सोसायटीच्याच झाडाचा आहे.