मनःशांतीची पावती

महाराष्ट्रात सध्या दोन धंद्यांना मरण नाही. एक वडापावची गाडी आणि दुसरा ध्यानधारणेचा धर्मादाय न्यास. पहिल्यात पहाटे उठून बटाटे उकडावे लागतात आणि महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांवर नजर ठेवावी लागते. दुसऱ्यात डोळे मिटलेले चालतात. तेव्हा मुदतपूर्व निवृत्ती घेऊन 'आता समाजासाठी काहीतरी करायचं' म्हणणाऱ्या होतकरूंसाठी हे मोफत मार्गदर्शन. यातली 'मोफत' ही चूक त्यांनी स्वतः करू नये.

काळ अनुकूल आहे. २१ जूनचा योग दिन २०१५पासून होताच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०२४मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवून टाकला. आकडा तोच असल्यानं शुभेच्छांच्या फ्लेक्सवर फक्त महिना बदलावा लागतो. नगरसेवकांचे फोटो तसेच राहू द्यावेत.

कायदाही अनुकूल आहे. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यानं धर्मादाय हेतूंची यादी केली, तेव्हा तीत गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार असल्या साध्या गोष्टी होत्या. पुढे पर्यावरणाचं जतन आलं आणि २०१५च्या वित्त कायद्यानं योगही आला. म्हणजे डोंगरावर मांडी घालून बसलेला साधक एका बैठकीत दोन हेतू साधतो. गरिबांना मदत हा तिसरा. तो न्यासाच्या स्वयंपाकघरात गावातल्या बाया रोजंदारीवर ठेवल्या की आपोआप साधतो.

विश्वस्त मंडळात स्वतः, सौभाग्यवती, मेहुणा आणि एक निवृत्त सनदी अधिकारी असावा. अधिकाऱ्याला ध्यान येत नसलं तरी चालेल. जमीन एनए करून घेताना मौनाचा उपयोग होत नाही, तिथे तो लागतो.

आता जागा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्यानं कुठे बसावं याचं सुंदर वर्णन आहे, पण पार्किंगचा उल्लेख नाही. तुकोबा देहूहून भंडारा डोंगरावर जात, तेही पायी. आपला साधक एसयूव्हीतून येतो. म्हणून मुळशी-मावळाकडचा एखादा डोंगर घेऊन तो आधी जेसीबीनं सपाट करून घ्यावा. कारवी आणि करवंदाच्या जाळ्या उपटून तिथे लॉन लावावं. तलाव नसल्यास प्लास्टिकचा कागद अंथरून करता येतो. मग 'निसर्गाशी एकरूप व्हा' हा फलक एखाद्या जुन्या आंब्याला खिळे ठोकून लावावा. आंबा ताबडतोब एकरूप होतो. माहितीपत्रकावर तुकोबांचा झाडांवरचा तो प्रसिद्ध अभंग छापणं सक्तीचं आहे. कागद जाड आणि चकचकीत घ्यावा.

पलीकडच्या अंगाला बहुधा धनगरवाडा असतो. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या निसर्गाशी एकरूप आहेत. त्यांना रस्ता नाही, वीज पाहुण्यासारखी येते आणि झरा मार्चमध्ये आटतो. न्यासाची बोअर तीनशे फूट खाली गेली की तो फेब्रुवारीतच आटेल, म्हणजे त्यांची एकरूपता महिनाभर आधीच सुरू होईल. वाड्यावरचं कुणी विचारायला आलंच, तर त्याला प्रसाद आणि कापडी पिशवी द्यावी.

एवढं करूनही कुणी पर्यावरणाचं नाव काढलं तर घाबरू नये. पूर्वीचा दाखला आहे. मार्च २०१६मध्ये दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानावर आर्ट ऑफ लिव्हिंगनं तीन दिवसांचा जागतिक संस्कृती महोत्सव भरवला. लष्करानं तरंगते पूल बांधून दिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं पाच कोटींची भरपाई मागितली, पण महोत्सवाला परवानगीही दिली. तज्ज्ञांच्या समितीनं नंतर सांगितलं, की मैदान पूर्ववत करायला सुमारे ४२ कोटी रुपये आणि दहा वर्षं लागतील. संस्थेनं नुकसान झाल्याचंच नाकारलं. डिसेंबर २०१७मध्ये न्यायाधिकरणानं संस्थेला जबाबदार धरलं, भरपाईची रक्कम मात्र पाच कोटींवरच ठेवली. बेचाळीसातून पाच वजा केल्यावर उरतात ते नदीनं सोसायचे. तिला तसाही सोसण्याचा सराव आहे.

आता मुख्य विषय, देणगी. 'फी' हा शब्द न्यासाच्या आवारात उच्चारू नये. साधक देणगी देतो, न्यास ती स्वीकारतो. दोघांच्याही सोयीसाठी तिचा दर आधी ठरलेला असतो, इतकंच. डॉर्मिटरीतल्या शांतीची देणगी कमी, एसी कॉटेजमधल्या शांतीची जास्त. गुरुजींच्या समोरच्या रांगेत बसून अहंकार सोडायचा असेल तर त्याची पावती वेगळी. इथे एक सावधगिरी. पतंजली योगपीठ न्यासानंही आपल्या योगशिबिरांचे पैसे देणग्याच असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या प्रवेशपत्रिका वेगवेगळ्या किमतींच्या आणि सवलतीही किमतीप्रमाणे होत्या. ही शुल्क घेऊन दिलेली सेवाच आहे, असं अपिलीय न्यायाधिकरणानं ठरवलं आणि एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सुमारे साडेचार कोटींचा सेवाकर अंगावर आला. तात्पर्य, दरपत्रक छापू नये. तोंडी सांगावं, तेही हळू आवाजात.

या धंद्यात काही लोकांनी फार वाईट पायंडे पाडून ठेवलेत, त्यांच्यापासून जपावं. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून विपश्यना शिकून आले आणि त्यांनी इगतपुरीला धम्मगिरी उभारली. तिथे १९७६पासून शिबिरं चालतात. दहा दिवस राहणं-जेवणं, शिकवणं, कशाचेही पैसे नाहीत. देणगी घेतात ती फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडून, आणि तीही पुढच्या माणसासाठी. न आलेल्या श्रीमंताचा चेक नाकारायचा, याला काय व्यवहार म्हणतात? वर पहाटे चारला उठवतात, मोबाइल काढून घेतात आणि बोलू देत नाहीत. ज्या ध्यानाचा फोटो काढता येत नाही, त्याचा समाजाला उपयोग काय?

अभ्यासक्रमाची काळजी नसावी. श्वास आत, श्वास बाहेर. तो साधक घरूनच घेऊन येतो. शिकवायची गोष्ट एकच: तक्रार सोडा. हिंजवडीच्या चौकात दीड तास अडकता? वाहतूक बाहेर नाही, तुमच्या मनात आहे. साहेब रात्री अकराला मीटिंग लावतात? साहेबांकडे करुणेनं पाहा. कंपन्यांना हा विषय फार आवडतो. कामाचे तास कमी करण्यापेक्षा माणसाला श्वास मोजायला लावणं त्यांना स्वस्त पडतं, आणि सामाजिक उत्तरदायित्वाच्या खात्यातून न्यासाला रक्कमही मिळते. महापालिकेलाही आवडतो. टेकडी फोडायला निघालेल्या पालिकेला टेकडीवर डोळे मिटून बसलेले नागरिक केव्हाही परवडतात. घोषणा देणारे परवडत नाहीत.

एखादा साधक तिसऱ्या दिवशी विचारतोच, "गुरुजी, इथला डोंगर कुणी कापला?" त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, "तुझ्यात अजून राग आहे. पुढच्या स्तराचं शिबिर कर." तो पैसे भरतो. जो भरत नाही, त्याची प्रगती खुंटली असं समजावं.

उपहास पुरे. ध्यानात वाईट काही नाही. मन ठिकाणावर असलेला माणूस उलट जास्त नेमके प्रश्न विचारतो. वाईट आहे ती प्रश्न विचारणं हाच आजार ठरवून त्यावर इलाज विकणारी दुकानदारी, आणि डोंगर कापून निसर्गप्रेम शिकवणारा निगरगट्टपणा. महाराष्ट्रात नोंदवलेल्या प्रत्येक सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. शिबिराला नाव नोंदवण्याआधी न्यासाकडे ते हिशेब मागा. जमीन कुणाची होती, पाणी कुठून येतं आणि पावतीवर काय लिहिणार, हेही विचारून घ्या. एकदा मौन सुरू झालं की विचारता येणार नाही.