हातचा एक

न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या माणसाला जगातला कुठलाही प्रश्न विचारावा. त्याला उठून जाता येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सलूनमध्ये मला गेली तीस वर्षं एकच प्रश्न भेटतो. कारागीर बदलले, भिंतीवरचे नट्यांचे फोटो बदलले, वस्तरा जाऊन ब्लेड आलं. प्रश्न तेवढा दात पडलेल्या जुन्या फणीसारखा तिथंच आहे. "काय गुरुजी, तुमचं बरंय बुवा. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, वर रविवार. काम तसं सोपंच की!" कात्री अशा वेळी नेमकी कानामागं असते. मी "हूं" म्हणतो. हा "हूं" होकाराचा की नकाराचा, हे मलाही आजवर ठरवता आलेलं नाही.

खरं तर माझ्याकडे दोन उत्तरं तयार असतात, आणि पाहुणा पाहून कपबशी काढावी तसं विचारणारा पाहून मी त्यातलं एक बाहेर काढतो. बँकेतला मेहुणा "दाजी, तुमचं बरंय" म्हणाला की मास्तरकी एकदम डोंगराएवढी होते. घसा बसतो, पाय सुजतात, खडूची भुकटी नाकातून थेट स्वभावात उतरते, असं मी त्याला रंगवून सांगतो. पण कापूस वेचून बोटं ओरबाडलेली बाई शाळेच्या हौदावर पाणी प्यायला टेकते, ओल्या हातानं तोंड पुसते आणि म्हणते, "तुमचं बरंय गुरुजी, सावलीतलं काम," तेव्हा मी पंख्याखाली उभा असतो. पंखा फिरत नसला तरी पंखाच तो. मी म्हणतो, "हो मावशी, सोपंच आहे." गंमत अशी की दोन्ही वेळा मी खरं बोलत असतो.

मेहुणा हिशेबी माणूस. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असताना त्यानं मला सांगितलं, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी असं आहे. मग त्यानं ३६५ मधून २०० वजा केले आणि उरलेले १६५ दिवस बुंदीबरोबर माझ्या पानात वाढले. त्याच कायद्यात मास्तरानं आठवड्याला ४५ तास काम करावं, तयारीचे तास धरून, असंही लिहिलेलं आहे. पण मी ते सांगेपर्यंत मठ्ठा आला. हे "तयारीचे तास धरून" मला फार आवडतं. ते धरायचे कुठून? मोटारसायकलवरून जाताना कुणाच्या बांधावर तुराट्यांचा भारा दिसला, आणि यातून एकसारख्या शंभर काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधता येतील, असं मनात आलं, तर ते किती मिनिटांचं काम? गठ्ठ्यांना लावायची रबरं बायकोच्या कोथिंबिरीच्या जुडीवरून काढली, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? बाकीच्या जगाला सुट्ट्या म्हटलं की कॅलेंडरातले लाल आकडे आठवतात. मला गठ्ठ्यातून सुटलेल्या काड्या आठवतात.

तोच कायदा पुढं मोठ्या मायेनं म्हणतो, की मास्तराला शिकवण्याखेरीज दुसऱ्या कामाला जुंपू नये. फक्त दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढं सोडून. म्हणजे माणसं मोजायची असतील, माणसं संकटात असतील किंवा माणसं मत देणार असतील, तेवढ्यापुरतंच. २०११ च्या फेब्रुवारीत मी २९ प्रश्नांचा तक्ता काखेत मारून वस्तीवरची दारं वाजवत होतो. एका म्हातारीला वय विचारलं. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं. खडी फोडायच्या कामावरच हळद लागली. तवा मी पंधराची आसंन. तू मास्तर हाईस न्हवं? कर हिशोब." आणि मी तिच्या उंबऱ्यावर बसून, तिच्या शेळीच्या नजरेसमोर, २०११ मधून १९७२ वजा केले. एकातून दोन जाईनात, हातचा घ्यावा लागला. एकोणचाळीस. त्यात पंधरा मिळवले. नऊ आणि पाच चौदा, पुन्हा हातचा. चोपन्न. म्हातारी विचारात पडली. "एवढीच व्हय? मला वाटलं जास्ती झालं आसंल," असं म्हणून तिनं मला गूळ-पाणी दिलं.

कायद्यात न सांगितलेलं एक काम मात्र आहे, आणि त्यावर मी खरोखर जीव लावून बसलो आहे. ते म्हणजे निरंक अहवाल. वरून पत्र येतं: अमुक बाबीची माहिती तातडीने सादर करावी, माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल सादर करावा. आपल्याकडे काहीही घडलेलं नाही, हे विहित नमुन्यात, दोन प्रतींत, सहीशिक्क्यानिशी कळवायचं. सुरुवातीला मला याचा राग येत असे. पुढं पुढं त्यात एक वेगळीच शांती सापडू लागली. शाळेच्या छपरावर पावसाची टिपटिप चालू आहे, पोरं पाढे घोकताहेत आणि आपण एका मोठ्या कोऱ्या रकान्यात सावकाश लिहितो आहोत: निरंक. एवढं निर्मळ लिहिणं संतांनाही जमलं नसेल.

असो. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. मास्तरकी सोपी दिसते, कारण तिच्यातला माल सोपा आहे. वकिलाकडे कलमं असतात, डॉक्टरकडे लॅटिन नावं असतात. आमच्याकडे काय, तर आठ आणि पाच तेरा. हे कुणाला येत नाही? सलूनवाल्याला येतं, मेहुण्याला येतं, हौदावरच्या मावशीला तर तोंडी येतं. सगळ्यांना येणारी गोष्ट शिकवायची म्हणजे काम सोपंच असणार. अडचण एवढीच, की आपल्याला येणारी गोष्ट पुन्हा न येऊ देणं फार जड जातं. दुसरीच्या पोरासमोर उभं राहायचं तर आधी बेरीज विसरून जावी लागते, आणि ती विसरलेली असतानाच शिकवावी लागते. दिवसभर माहीत असलेल्या गोष्टींबद्दल अडाणी राहायचं आणि संध्याकाळी किराणावाल्याशी पुन्हा शहाण्यासारखं बोलायचं, अशी ही नोकरी आहे.

आपली भाषाही या कामात मास्तराच्या बाजूची नाही. 'सव्वीस' म्हणताना जीभ आधी सहाकडे जाते आणि मग विसाकडे. पोरगं ऐकतं तसं लिहितं, आणि सव्वीसचे बासष्ट होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बासष्ट'बरोबर 'साठ दोन' असंही म्हणता येईल असं आलं, तेव्हा केवढा गहजब झाला. भाषा बुडाली, संस्कृती बुडाली. मी दोन्ही बाजूंचं वाचत असे आणि मला एक पोरगी आठवत असे. तिनं विचारलं होतं, की एकोणनव्वद आहे, एकोणऐंशी आहे, मग 'एकोणशंभर' का नाही? मी तिला सांगितलं, तसं म्हणत नाहीत. हे मास्तराचं सगळ्यात जुनं हत्यार. ती गप्प बसली, पण माझ्याकडे अशी बघत राहिली, की शंभरातला तो एक मीच खाल्ला असावा.

हातच्याची बेरीज दुसरीत येते. आमची शाळा दोन शिक्षकांची. तिसरी-चौथी बाईंकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. पहिली डाव्या भिंतीला पाठ लावून बाराखडी गिरवत असते, तेव्हा दुसरी उजवीकडच्या फळ्यावर एकक-दशकाच्या घरांत वावरत असते. एके दिवशी मी लिहिलं, २८ अधिक १५. "आठ आणि पाच तेरा. तेराचे तीन, हातचा एक." पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "गुरुजी, कुणाच्या हातचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपण आईच्या हातचं जेवतो, आजीच्या हातचं लोणचं खातो. हा एक कुणाच्या हातचा? मी म्हटलं, "तुझ्याच. धर मुठीत, पुढच्या घरात गेल्यावर मागतो." त्यानं उजवा हात पुढं केला, मी त्या तळव्यावर हवेतला एक ठेवला, त्यानं मूठ मिटली. नेमकी तेव्हाच खिचडीची घंटा झाली. पोरं ताटल्या घेऊन पळाली. मी तांदळाच्या नोंदीत गुंतलो. माणशी शंभर ग्रॅम, हजर किती, शिजवले किती, शिल्लक किती. त्यानंतर तालुक्याहून फोन आला, एक निरंक अहवाल तातडीनं हवा होता. दशकाचं घर तसंच राहिलं. दुपारी बाई हसत हसत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमचा तो पोरगा डाव्या हातानं जेवला. उजव्याला काय लागलंय का म्हणून विचारलं, तर म्हणतो, 'एक हाय बाई, सांडंल.'"

मला तेव्हा हसू आलं. आणि खरं सांगायचं तर शाळा सुटेपर्यंत मी ते विसरूनही गेलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला, डोळे सुजलेले. "गुरुजी, रातच्याला झोपंत मूठ उघडली. एक गेला."

मी त्याला दुसरा एक दिला. खडूनं त्याच्या तळव्यावर काढूनच दिला, म्हणजे हरवायला नको. पण तो खडूचा एक त्याच्या हातात राहिला, डोक्यात उतरला नाही. पाटीवर तो अठ्ठावीस आणि पंधरा मिळवून ३१३ लिहायचा. तेराचे तेरा खाली, शेजारी दोन आणि एक तीन. काही टाकायचं नाही, काही लपवायचं नाही, सगळं उघड्यावर. मी गठ्ठे बांधले, सोडले, रबरं तुटली. तो मान डोलवायचा आणि ३१३ लिहायचा. रात्री मला ३१३ दिसायचे. माझ्या पंचेचाळीस तासांत ते बसत नव्हते, एवढं मेहुण्याला कधीतरी सांगायला हवं.

मग दिवाळी आली, आणि आमच्या बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात दिवाळीच्या पुढंमागं जे होतं ते झालं. कोयते निघाले. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. दोन माणसं मिळून एक, हेही गणित आम्ही शिकवलेलं नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या, म्हातारं कुत्रं आणि सगळ्यात वर पोरं. काहींना आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घेता आलं, त्याला नाही. धाकटी बहीण सांभाळायला कुणीतरी हवं होतं. ट्रॉलीतून त्यानं मला हात केला. उजवाच. मी फाटकात उभा राहिलो आणि मग वर्गात गेलो. पटावर एकतीस, समोर चौदा. हजेरी घेताना नाव पुकारायचं, उत्तराची वाट बघायची, आणि पुढच्या नावावर जायचं. पाच महिने हे सोपं काम मी रोज केलं.

चैत्रात कारखान्यांचे पट्टे पडले आणि ट्रॉल्या परत आल्या. सकाळची शाळा होती. तो आला, उन्हानं रापून गव्हाच्या लोंबीसारखा झालेला, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी काही विचारलं नाही. फळ्यावर तीच बेरीज लिहिली आणि खडू त्याच्याकडे दिला. खरं तर मला ते करायला नको होतं. पाच महिने पाटी न बघितलेल्या पोराला पहिल्याच दिवशी फळ्याशी उभं करणारा मास्तर मला स्वतःलाच आवडला नसता. पण खडू दिला. त्यानं आठ आणि पाच बोटांवर मोजले. खाली तीन लिहिला. थांबला. मग चवड्यांवर उभं राहून दशकाच्या घराच्या डोक्यावर एक बारीक एक काढला.

"तो तिथं का काढलास?"

"इथं बसंना म्हनून." त्यानं माझ्याकडे बघितलं, मास्तराला एवढंही येऊ नये, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "बसंना ते पुढच्या घरावर जातं गुरुजी. आमची उचल न्हाई का. औंदा फिटली न्हाई, राह्यली ती पुढच्या सालावर."

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्या पोरांना ते उदाहरण तोंडपाठ होतं. माझ्या टेबलावर तुराट्यांचे गठ्ठे, कोथिंबिरीची रबरं आणि दैनिक टाचणाची वही पडली होती. त्या वहीत 'हातचा संबोध' या सदराखाली मी काय काय लिहून ठेवलं होतं. त्यानं दोन आणि एक तीन केले, वरचा एक मिळवून चार लिहिले, ४३ कडे एकदा लांबून बघितलं, आणि हात झटकून जागेवर जाऊन बसला.

तेवढ्यात घंटा झाली. खिचडी त्यानं उजव्या हातानं खाल्ली, आणि आणखी मागून घेतली.