सूड उगवा, पण आधी नाडी बघा

चिनी पोशाखी मालिकेची नायिका, तीही पुनर्जन्म घेतलेली वैद्यीण, व्हायचं ठरवलंत? अभिनंदन. आणि मनापासून सहानुभूती, कारण पहिल्याच भागात तुम्हाला मरायचं आहे.

१. नीट मरा. विषाचा पेला चुलत बहिणीच्या हातून घ्या. शेजारी नवरा आणि बाहेर बर्फ हवाच; बर्फाशिवाय मेलात तर कुणाला पाझर फुटत नाही. बहीण सगळा कट सविस्तर सांगेल. तिचं संपेपर्यंत प्राण सोडू नका, पुढच्या जन्मी हीच टिपणं कामी येणार आहेत.

२. मेल्याचा बोभाटा करू नका. चीनच्या प्रसारण खात्याला पुनर्जन्मासारख्या गोष्टी खपत नाहीत. २०११ साली त्याने कालप्रवासाच्या मालिकांवर डोळे वटारले होते. २०२४ च्या 'द डबल' या मालिकेची युक्ती उचला. मूळ कादंबरीत नायिका मरून दुसरीच्या देहात शिरते. पडद्यावर नवरा तिला पुरतो, ती जिवंत निघते आणि मेलेल्या मुलीचं नाव घेऊन वावरते. कागदोपत्री हा पुनर्जन्म नव्हे.

३. वैद्यक शिका. चिनी वैद्य ली शिझेनला आपला औषधांचा ग्रंथ पुरा करायला २५ हून अधिक वर्षं लागली. १५७८ साली तो संपला तेव्हा त्यात १,८९२ औषधं होती. तुमच्याकडे एक गाणं आहे, तेवढ्यात उरका.

नाडी मात्र घोटून घ्या. मनगटावर तीन बोटं (आपल्याकडचे वैद्यही तीनच ठेवतात), डोळे मिटलेले, दोन सेकंदांत एक भुवई वर. गर्भ, दहा वर्षांपूर्वीचं विष, सावत्र आईचा कावा, सगळं तेवढ्यात कळलं पाहिजे. गर्भाची नाडी ताटात मणी घरंगळावेत तशी लागते, असं चिनी वैद्यकात खरोखरच मानतात. कफातही ती तशीच लागते, पण कफाला कथानक नसतं. राणीसाहेब पडद्याआड असतील तर मनगटाला रेशमी दोरा बांधा आणि दुसरं टोक आपण धरा. हसू नका, राणीही हसत नाही.

४. रोगी निवडून घ्या. खोकला, हगवण, गुडघेदुखी घेऊन आलेल्यांना दुसरा दवाखाना दाखवा. तुमच्याकडे फक्त विषबाधा, आणि छपरावरून थेट तुमच्या औषधी बागेत कोसळलेला जखमी राजपुत्र. त्याने काळं रक्त ओकलं की म्हणा, "साचलेलं गेलं, आता वाचतील." हे वाक्य पाठच करा.

५. सुया फेकायला शिका. १०२७ साली वांग वेइयी या चिनी वैद्याने सुया टोचण्याच्या सरावासाठी माणसाएवढे ब्राँझचे पुतळे करवले. म्हणे, परीक्षेच्या वेळी पुतळ्याला मेणाचा लेप देत आणि आत पाणी भरत; सुई बरोबर बसली की पाणी यायचं. तुम्हाला दहा पावलांवरून मारायची आहे, तीही उडी मारता मारता. पाणी नको, खलनायक गोठला पाहिजे.

६. तोंड बंद ठेवा. कोण दगा देणार, कुठला पूल पडणार, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. सांगितलंत तर चौथ्या भागात गाशा गुंडाळावा लागेल. २०२० साली प्रसारण खात्याने मालिका ४० भागांत आवरायला सांगितलं होतं. ते ४० भरायचे कसे, हे तुमच्या मौनावर अवलंबून आहे.

७. राजवैद्यपद नाकारा, तेही बेतानं. हुआ तुओ हा जुना चिनी वैद्य सुया टोचून सत्ताधीश त्साओ त्साओची डोकेदुखी उतरवायचा. बायको आजारी असल्याचं सांगून घरी गेला, परतायला टाळाटाळ केली, आणि त्साओ त्साओने त्याला मारलं. इतिहासात लिहिलंय की मरण्याआधी त्याने आपला ग्रंथ तुरुंगाच्या पहारेकऱ्याला देऊ केला. पहारेकरी घाबरला. मग हुआ तुओने तो जाळून टाकला. त्याला दुसरा जन्म काही मिळाला नाही. तेव्हा काढ्यांची वही आजच कुणाकडे तरी देऊन ठेवा, चुलत बहीण सोडून.