शीड शिकू पाहणाऱ्या दाजींसाठी नियमावली

नरडाण्याला रेल्वे आहे, मुंबई-आग्रा महामार्ग आहे, एमआयडीसी आहे. समुद्र तेवढा नाही. ही उणीव शासनाच्या नाही, पण आमच्या दाजींच्या लक्षात आली. मोबाइलवर निळ्या पाण्यातली पांढरी शिडं पाहून त्यांनी जाहीर केलं, "दिवाळीनंतर बेटं फिरायची, आणि बोट मी स्वतः हाकणार." दाजी आजवर बुलेट, ट्रॅक्टर आणि ताई वगळता सगळं घर हाकत आले आहेत. सबब पुढील नियम त्यांना व तत्सम सर्वांना लागू राहतील.

नियम १. उष्ण कटिबंधात जाण्यासाठी पैसे मोजू नयेत. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशात आहे. म्हणजे नरडाणाही उष्ण कटिबंधातच येतं. मे महिन्यात भरदुपारी सुरत गाडीची वाट पाहत फलाटावर उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

नियम २. बेट जपून निवडावं. अंदमानातलं हॅवलॉक आता स्वराज द्वीप आणि नील आता शहीद द्वीप. 2018 साली नावं बदलली. पण सहलीवाले तिथे नेतात ते बहुधा वातानुकूलित फेरीबोटीने. तिच्यात सुकाणू सोडाच, खिडकी वाट्याला आली तरी नशीब. शिकायचं तर मुंबई बरी. गेटवेच्या आसपास शिडांचे जुने क्लब आहेत, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर 1846 पासूनचा. पाऊस सरल्यावर हंगाम उघडतो, तो मेपर्यंत. बेटंही आहेत: घारापुरीला उतरावं, जवाहर द्वीप लांबूनच पाहावं. तिथे तेलाचा धक्का आहे, पाहुणचार नाही.

नियम ३. वाऱ्याला हुकूम सोडू नये. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंश सोडावे लागतात आणि समोरचं ठिकाण थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं नागमोडी जाऊन गाठावं लागतं. दाजींना हे मान्य नाही. "समोर दिसतंय तर वाकडं कशाला जायचं?" त्यांना साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचा दाखला दिला. एवढी अवाढव्य यंत्रं, पण तीही वाऱ्याकडे तोंड फिरवतात, वाऱ्याला आपल्याकडे फिरवत नाहीत. दाजी म्हणाले, "ती कंपनीची आहेत."

वास्तविक हे ज्ञान त्यांच्या घरातच होतं. त्यांची आई खळ्यात ज्वारी उपणायला उभी राहायची ती गालाला लागणारा वारा ओळखून. शिडाचा पहिला धडा तोच. डोळे मिटावेत, मान हळूहळू फिरवावी. दोन्ही कानांना वारा सारखा लागला की नाक वाऱ्याच्या दिशेला.

नियम ४. ब्रेक शोधू नये. नसतो. शिडाचा दोर सैल सोडला की शीड फडफडतं आणि होडी मंदावते. घाबरलेला माणूस नेमका दोर आवळून धरतो आणि ओरडत सुटतो. ओरडण्याने फक्त गडीमाणसं थांबतात, तीही हल्ली थांबत नाहीत.

नियम ५. मान लववावी. शिडाच्या तळाशी बूम नावाची आडवी दांडी असते. वारा पाठीमागून असताना होडी वळली, की ती झपकन या बाजूची त्या बाजूला येते. जावई म्हणून सवलत नाही.

नियम ६. पंचांग जवळ ठेवावं. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तासाभराचा फरक समुद्राला माफ असतो.

नियम ७. निघण्यापूर्वी भरीत आणि शेवभाजी वर्ज्य. मळमळल्यास क्षितिजाकडे पाहावं, मोबाइलकडे नाही. त्याउपर प्रसंग आलाच, तर वारा जिकडे जातो त्या बाजूला वाकावं. कारण विचारू नये.

नियम ८. लाइफ जॅकेट पोटावर बसत नसलं तरी घालावं. छोटी होडी उलटली तर तिला सोडून पोहत सुटू नये. ती तरंगत राहते. तिच्या पोटातून निघालेल्या फळीवर भार दिला की सहसा पुन्हा उभी राहते. इथे दाजींचं वजन आयुष्यात प्रथमच कामी येईल. पोहायला आपण तापीत, सावळद्याच्या पुलाखाली शिकलो, असं दाजी सांगतात. ते काठावर बाकीच्यांचे कपडे सांभाळत, असं ताई सांगते. ताईचं खरं धरावं.

नियम ९. आदर्श समोर ठेवावा. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. यातला 'एकट्याने' हा शब्द दाजींना फार आवडला. ताईला त्याहून जास्त.

एवढी थट्टा झाली, तरी दाजींचं एक मानावं लागेल. साठीला टेकलेला, जन्मात कुणाचं न ऐकलेला हा माणूस विशीतल्या पोरापुढे बसून गाठ मारायला शिकायला तयार झालाय. सध्या सराव म्हणून कपडे वाळत घालायची दोरी रोज सोडली जाते, आणि ओले कपडे खुर्च्यांवर पडतात. तरी मुंबईतल्या एखाद्या क्लबात ओळख असलेल्या वाचकांनी कृपया कळवावं. शिक्षण महिनाभराचं असल्यास उत्तम. फी ताई भरणार आहे.